प्रश्न घालणाऱ्याची खोडी

‘पृथ्वीवर आजवर नोंदलं गेलेलं हवेचं सर्वांत कमी तापमान कोणत्या महिन्यातलं आहे?’

उत्तराची घाई असणारे डिसेंबर किंवा जानेवारी म्हणतात. थोडे सावध असतात ते ‘फेब्रुवारी?’ असं चाचपून बघतात. उत्तर जुलै आहे. 21 जुलै 1983 रोजी अंटार्क्टिकावरच्या व्होस्टॉक या सोव्हिएत संशोधन केंद्रात उणे 89.2 अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. ‘पारा उतरला’ असं लिहायचा मोह होतो, पण पारा उणे 39 अंशांच्या आसपासच गोठून बसतो. पुढे आणखी पन्नास अंश उतरायला तो शिल्लकच नसतो.

हा प्रश्न मला एखाद्या घोटीव कवितेसारखा वाटतो. एक शब्द इकडचा तिकडे करून पाहा, तो लगेच कोसळतो. ‘हवेचं’ हा शब्द काढला तर उपग्रहांच्या नोंदींचा अभ्यास केलेला कुणीतरी उठतो आणि 2018 सालच्या एका शोधनिबंधाकडे बोट दाखवतो. पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर बर्फाच्या पृष्ठभागाचं तापमान उणे 98 अंशांच्या आसपास गेल्याचं त्यात म्हटलं आहे. ‘नोंदलं गेलेलं’ काढलं तर प्रश्न खोटा पडायचा धोका, कारण जिथे तापमापक नव्हता तिथे काय झालं हे कोण सांगणार? आणि ‘महिन्यातलं’ काढून ‘कुठलं’ असं विचारलं तर चौथीतलं पोरही अंटार्क्टिका म्हणेल. सगळी करामत त्या महिन्यात आहे. विचारणाऱ्याने खोटं काही सांगितलेलं नाही, लपवलेलंही काही नाही. ‘हिवाळा म्हणजे डिसेंबर-जानेवारी’ हे गृहीतक आपण स्वतःच घरून आणलेलं असतं आणि त्यातच पाय अडकून पडतो.

सामान्यज्ञान म्हटलं की आपल्याकडे पाठांतराचा वास येतो. स्पर्धा परीक्षांच्या जाड पुस्तिका, त्यातल्या राजधान्या, नद्यांची उगमस्थानं, पुरस्कारांची सालं. ते सगळं उपयोगाचं आहे, पण त्यात रस नाही. ज्या गोष्टीबद्दल आपण कधी ऐकलेलंच नाही तिच्याबद्दल विचारलं तर माणूस फक्त ‘नाही माहीत’ म्हणतो आणि विसरतो. रस आहे तो आपल्याला माहीत आहे अशी पक्की खात्री असलेल्या गोष्टीवर बेतलेल्या प्रश्नात. थंडी सगळ्यांनी सोसलेली आहे, कालपरवाचा इतिहास सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडला आहे, एटीएमपासून ओटीपीपर्यंतची आद्याक्षरं दिवसभर तोंडात असतात. म्हणून या तीन विषयांवरचे प्रश्न सर्वांत चांगले जमतात आणि सर्वांत वाईट फसतातही.

हिवाळ्यावरचा दुसरा प्रश्न जुनाच आहे, पण मुरलेला. ‘पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कधी असते?’ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा सूर्य सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर असतो, जुलैच्या सुरुवातीला 15 कोटी 21 लाखांवर. म्हणजे निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून घड वाचवायची धडपड चालू असते, तेव्हा आपण सूर्याला पन्नास लाख किलोमीटरनी जवळ असतो. थंडी अंतरावर ठरत नाही, पृथ्वीच्या साडेतेवीस अंशांच्या कलण्यावर ठरते, हे भूगोलात सगळ्यांनी शिकलेलं असतं आणि तरी प्रश्न ऐकल्यावर जीभ ‘मे’कडेच वळते.

इथवर हे ठीक. पण जाणता प्रश्नकर्ता इथे थांबत नाही, पुढची पायरी घालतो. ‘मग उत्तर गोलार्धातला हिवाळा मोठा की उन्हाळा?’ पृथ्वी सूर्याजवळ असताना वेगाने पळते, हा केप्लरचा नियम. त्यामुळे खगोलीय हिशोबाने उत्तर गोलार्धाचा हिवाळा 89 दिवसांचा भरतो आणि उन्हाळा त्याहून साडेचार दिवसांनी जास्त. एका साध्या प्रश्नाच्या पोटातून दुसरा निघाला आणि त्याने पहिल्याला अर्थ दिला. नुसत्या आकड्यापेक्षा ही साखळी मला जास्त मोलाची वाटते.

याच साखळीतली पुढची कडी आपल्या घरातली आहे. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो, असं आपण म्हणतो. पण सर्वांत लहान दिवस 21 किंवा 22 डिसेंबरचा. सूर्याचं उत्तरेकडे सरकणं तेव्हाच सुरू होतं. संक्रांतीपर्यंत तीन-सव्वातीन आठवडे उलटून गेलेले असतात. गंमत म्हणजे सकाळच्या शाळेला मुलाला उठवणाऱ्या आईला विचारलंत, तर ती संक्रांतीनंतरही दिवस मोठा झाल्याचं कबूल करणार नाही, आणि तिचं बरोबर आहे. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर सर्वांत उशिराचा सूर्योदय डिसेंबरात नसतो, तो जानेवारीच्या मध्यानंतर येतो. सर्वांत लवकरचा सूर्यास्त मात्र नोव्हेंबरातच होऊन गेलेला असतो. दिवस वाढतो तो आधी संध्याकाळच्या बाजूने.

मग संक्रांत आणि डिसेंबरमधलं ते वळण एकमेकांपासून सुटली कशी? आपली संक्रांत ताऱ्यांच्या हिशोबाने ठरते, सूर्य मकर राशीत शिरतो तो दिवस. ताऱ्यांच्या हिशोबाचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीस मिनिटांनी मोठं असतं. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण सत्तर-बहात्तर वर्षांत त्याचा एक पूर्ण दिवस होतो. म्हणून संक्रांत हळूहळू पुढे सरकते. आपल्याला ती 14 जानेवारीला चिकटलेली वाटते, कारण आपण एका आयुष्यापुरतंच बघतो. हल्ली अधूनमधून ती 15 तारखेला येऊ लागली आहे आणि दरवेळी ‘यंदा संक्रांत 15 ला कशी?’ अशी चर्चा होते.

आता प्रश्न असा: ‘पानिपतची तिसरी लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली का?’

हा प्रश्न मराठी माणसांच्या बैठकीत टाकून बघा. 14 जानेवारी 1761 ही तारीख प्रत्येकाला पाठ असते. 14 जानेवारी म्हणजे संक्रांत हेही पाठ. दोन पाठ गोष्टी एकमेकांना जोडल्या की उत्तर तयार. ‘संक्रांत कोसळली’ हा वाक्प्रचार तिथूनच आला असंही सर्रास सांगितलं जातं, आणि ऐकणारा हळहळतो. आता मघाची वीस मिनिटं हाताशी घ्या. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, आणि त्यांची जन्मतारीख आहे 12 जानेवारी 1863. म्हणजे 1863 मध्ये संक्रांत 12 तारखेला होती. पानिपत त्याच्याही एकशेदोन वर्षं आधीचं. तेव्हा संक्रांत 12 च्याही मागे असणार, पुढे नाही. लीप वर्षांचा हिशोब धरला तर ती 10 जानेवारीच्या आगेमागे येते. लढाईचा दिवस पौष शुद्ध अष्टमीचा. संक्रांत होऊन तीन-चार दिवस गेलेले होते.

हा प्रश्न मला वरच्या दर्जाचा वाटतो, कारण उत्तर कुणीही घरबसल्या काढू शकतं. त्याला बखर लागत नाही, दफ्तरखान्याची पायरी चढावी लागत नाही. विवेकानंद जयंती, राष्ट्रीय युवा दिन, दोन्ही दिनदर्शिकेवर छापलेलं असतं. भिंतीवरच्या त्याच पानावर 12 आणि 14 दोन घरांच्या अंतराने बसलेले असतात आणि वर्षानुवर्षं आपण त्यांना एकमेकांशी बोलू देत नाही. राहिला वाक्प्रचार. पंचांगातलं संक्रांतीचं वर्णन ज्याने वाचलंय, ती कशावर बसून येते, हातात काय घेते, कोणत्या दिशेला पाहते आणि जिकडे पाहते तिकडचं काय होतं, त्याला ‘संक्रांत येणे’ समजायला पानिपतापर्यंत जायची गरज नाही. अर्थात हे बैठकीत सांगताना बेतानं सांगावं. पानिपतावर मराठी माणूस दुरुस्ती सहज घेत नाही.

चांगल्या प्रश्नाच्या शेजारी वाईट प्रश्न ठेवला की फरक कळतो. द्रास हे जगातलं थंडीत दुसऱ्या क्रमांकाचं वस्तीचं ठिकाण, असा फलक पाहून लडाखहून परतलेले पर्यटक हा प्रश्न हमखास घालतात. पहिलं तर विचारावं, पहिल्या क्रमांकावर कोण? सैबेरियातल्या याकुतियामध्ये व्हेरखोयान्स्क आणि ओय्म्याकोन या दोन गावांत त्यावरूनच जुना वाद आहे, आणि दोघांच्या नोंदी उणे 67 अंशांपलीकडच्या. पहिले दोन तिथेच संपले, दुसरा क्रमांक आणायचा कुठून? शिवाय थंड म्हणजे एका रात्रीचा नीचांक की वर्षाची सरासरी, वस्ती म्हणजे किती घरं, हे काहीच ठरलेलं नाही. द्रासच्या थंडीबद्दल शंका नाही. तिथल्या माणसांनी काढलेल्या हिवाळ्यांना क्रमांकाचं ठिगळ लावायची गरजच नव्हती. त्यापेक्षा ‘तापमान उणे 40 आहे, सेल्सियस की फॅरनहाइट?’ हा साधा प्रश्न बरा. उत्तर: कोणतंही घ्या, दोन्ही मापं तिथे एक होतात.

अलीकडच्या इतिहासावरचे प्रश्न वेगळ्या कारणाने अवघड असतात. प्लासीची लढाई 1757, हे आपल्याला कुणीतरी पट्टी हातात घेऊन शिकवलेलं असतं. आपल्या हयातीत घडलेल्या गोष्टी कुणी शिकवत नाही, त्या नुसत्या आठवतात, आणि आठवण तारखांच्या बाबतीत भलतीच ऐसपैस असते. गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात प्रश्नमंजुषा घेणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. शिवराज्याभिषेकाचं साल मागच्या रांगेतून ओरडून सांगणारा माणूस तारसेवा कधी बंद झाली म्हटलं की गप्प होतो. (14 जुलै 2013 हा तिचा शेवटचा दिवस.)

यात माझा आवडता प्रश्न अगदी बाळबोध दिसतो: ‘भारतात घटक राज्यं किती?’ 30 मे 1987 रोजी गोवा पंचविसावं राज्य झालं. 2000 च्या नोव्हेंबरात छत्तीसगड, उत्तरांचल आणि झारखंड ही तिन्ही पंधरवड्याच्या आत जन्मली आणि आकडा 28 झाला. 2 जून 2014 रोजी तेलंगण धरून 29. 31 ऑक्टोबर 2019 रोजी जम्मू-काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले आणि आकडा परत 28 वर आला. म्हणजे 2005 ची रद्दीतली पुस्तिका वाचून 2020 च्या परीक्षेला बसलेला मुलगा बरोबर, आणि 2015 ची कोरी प्रत विकत घेतलेला चूक. केंद्रशासित प्रदेशांची कहाणी तर आणखी नाजूक. ते सातचे नऊ झाले, आणि 26 जानेवारी 2020 रोजी दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र झाल्यावर आठ. ‘नऊ’ हे उत्तर जेमतेम एका हिवाळ्यापुरतं खरं होतं. त्या हिवाळ्यात छापलेल्या पुस्तिका कुठेतरी असतीलच. अशा प्रश्नात तारीख घातली नाही तर तो प्रश्नच अपुरा राहतो, मग उत्तर चुकल्याचा दोष कुणाला द्यायचा?

थंडी, कालपरवाचा इतिहास आणि आद्याक्षरं असे तिन्ही धागे एकाच गाठीत बांधणारा एक प्रश्न आहे. तो असा विचारतात: ‘सोव्हिएत खेळाडूंच्या बनियनवर कोणती चार अक्षरं असत?’ ज्यांनी दूरदर्शनवर ऑलिंपिक पाहिलं ते ताडकन सांगतात, सीसीसीपी. आणि फसतात. ती अक्षरं इंग्रजी नव्हतीच. रशियन लिपीत सी सारखं दिसणारं अक्षर ‘स’ आहे आणि पी सारखं दिसणारं ‘र’. ती अक्षरं होती एस एस एस आर. सोयूझ सोव्हिएत्स्किख सोत्सियालिस्तिचेस्किख रेस्पुब्लिक, म्हणजे आपण ज्याला यूएसएसआर म्हणायचो तेच, रशियनमध्ये. लोकवाङ्मय गृहाच्या कृपेने मराठी घराघरांत गुळगुळीत कागदावरची रशियन गोष्टींची पुस्तकं आली, शेवटच्या पानावरची ती वळणदार लिपी मुलांनी गिरवूनही पाहिली, पण बनियनवरच्या चार अक्षरांना रशियन समजावं असं कुणाच्या मनात आलं नाही. ती इतकी ओळखीची दिसत होती.

ही चार अक्षरं 25 डिसेंबर 1991 च्या संध्याकाळी संपली. गोर्बाचेव्ह यांनी दूरचित्रवाणीवर राजीनामा दिला आणि क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. इथे आणखी एक छोटा प्रश्न बसतो: नाताळच्या दिवशी? बाकीच्या जगाचा नाताळ, रशियाचा नाही. रशियन ऑर्थोडॉक्स चर्च जुनं ज्युलियन पंचांग पाळतं आणि त्यांचा नाताळ आपल्या 7 जानेवारीला पडतो. संक्रांतीसारखाच हाही पंचांगाच्या हिशोबातून सरकलेला सण.

पण या गाठीचा खरा गाभा त्या दिवशी पृथ्वीवर नव्हताच. सर्गेई क्रिकालेव्ह हा अंतराळवीर 18 मे 1991 रोजी बायकोनूरहून सोव्हिएत संघाचा नागरिक म्हणून ‘मीर’ अंतराळस्थानकाकडे गेला. पाच महिन्यांत परतायचं होतं, मुक्काम लांबत गेला. तो वर असताना त्याच्या जन्मगावाचं नाव लेनिनग्राडचं सेंट पीटर्सबर्ग झालं, मग देश गेला, आणि ज्या जमिनीवरून उड्डाण केलं होतं ते कझाकस्तान स्वतंत्र झालं. 25 मार्च 1992 रोजी तो उतरला तेव्हा त्याच्या पोशाखावर नसलेल्या देशाची ती चार अक्षरं होती. त्याच वर्षी, महिनाभर आधी फेब्रुवारीत, फ्रान्समधल्या आल्बेर्व्हिलच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्या नसलेल्या देशाचे खेळाडू ऑलिंपिकच्या झेंड्याखाली उतरले होते आणि फलकावर त्यांच्या नावापुढे ईयूएन अशी तीन नवी अक्षरं होती. फ्रेंचमधल्या ‘एकत्रित संघ’ या शब्दांची. त्या वर्षापलीकडे ती अक्षरं कुणाला लागलीही नाहीत. ‘कोणत्या देशाचं आद्याक्षर ईयूएन?’ असा प्रश्न कुणी घातला तर उत्तर ‘कोणत्याच नाही’ असं आहे, आणि तेच त्याचं सौंदर्य.

आद्याक्षरांवरचे बहुतेक प्रश्न मात्र आळशी असतात. ‘पूर्ण रूप सांगा’ या तीन शब्दांत विचारणाऱ्याची कल्पनाशक्ती संपते. पिनकोडमधल्या पिनचं पूर्ण रूप पोस्टल इंडेक्स नंबर, हे सांगून कुणाला काय मिळालं? त्याऐवजी ‘गोवा वेगळं राज्य असूनही त्याचा पिन 403 ने का सुरू होतो?’ असं विचारा. मग सांगावं लागतं की टपालखात्याने 15 ऑगस्ट 1972 ला देशाचे विभाग पाडले ते टपालाच्या सोयीने, आणि 40 ते 44 या महाराष्ट्राच्या आकड्यांत गोवा बसला तो आजही तिथेच आहे. ही रचना ज्यांची, ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपालखात्यातले वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृत कवी होते. सहा आकड्यांत अख्खा देश बसवणारा माणूस वृत्तात लिहिणारा असावा, यात मला काही नवल वाटत नाही.

मुंबईकरांसाठीचा प्रश्न: ‘बेस्टमधला टी कशाचा?’ ट्रान्सपोर्टचा, असं सगळे म्हणतात आणि आजच्या पुरतं ते बरोबर आहे. पण 1905 साली कंपनीने नाव घेतलं तेव्हा तो टी ट्रामवेजचा होता. विजेवरची ट्राम 1907 ला धावली, बस आली 1926 ला. 1947 मध्ये महापालिकेने कारभार हाती घेतला, आणि टी ने ट्राम सोडून ट्रान्सपोर्ट धरला. खुद्द ट्राम नंतर 1964 च्या 31 मार्चपर्यंत चालत होती. 1995 मध्ये बी सुद्धा बॉम्बेचा बृहन्मुंबई झाला. चारांपैकी दोन अक्षरांच्या आतला माल बदलला आणि लाल बसवरच्या नावाला त्याचा पत्ताही लागला नाही. नावं बदलण्यावरून आपल्याकडे केवढी भांडणं होतात! इथे मात्र कुणाची खुर्ची हलली नाही.

याच मालिकेतला शेवटचा, आणि हाही थंडीतला. ‘जगातला पहिला एसएमएस काय होता?’ 3 डिसेंबर 1992 रोजी नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने इंग्लंडमध्ये व्होडाफोनच्या जाळ्यावरून रिचर्ड जार्व्हिस यांना तो पाठवला: मेरी ख्रिसमस. त्याने तो संगणकावरून पाठवला, कारण तेव्हाच्या मोबाइलवरून मजकूर लिहून पाठवायची सोयच नव्हती. जार्व्हिस यांनाही त्याच कारणाने उलट शुभेच्छा धाडता आल्या नाहीत. नाताळला तीन आठवडे असताना दिलेल्या, उत्तराची सोय नसलेल्या पंधरा अक्षरांच्या शुभेच्छा. पुढच्या जमान्याची सगळी लक्षणं त्यात होती.

पण मला यातला ‘शॉर्ट’ जास्त रंजक वाटतो. एसएमएसची मर्यादा 160 अक्षरांची, हे अनेकांना माहीत असतं. फ्रीडहेल्म हिलेब्रांट या जर्मन अभियंत्याने टाइपरायटरवर सुचतील ती वाक्यं लिहून अक्षरं मोजली आणि इतकी पुरे, असं ठरवलं. आता विचारा: ‘मराठीत लिहिलं तर मर्यादा किती?’ सत्तर. इंग्रजी अक्षराला सात बिट लागतात, देवनागरीला सोळा. एका संदेशात जागा 1,120 बिटांची, भागाकार ज्याने त्याने करावा. बरं, हे सत्तर म्हणजे आपण मोजतो ती सत्तर अक्षरंही नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडणारी हलन्ताची खूण, सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘शुभेच्छा’ हा शब्द आपल्या लेखी तीन अक्षरांचा, यंत्राच्या लेखी आठांचा.

आणि इथे आपली जुनी आद्याक्षरं अचानक कामाची निघतात. ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ एवढं लिहिलं तर सत्तरांतले सत्तावीस खर्च झाले, मुद्द्याला त्रेचाळीस उरले. ‘स. न. वि. वि.’ लिहिलं तर तेरा, टिंबं आणि मोकळ्या जागा धरून. मु. पो., ता. क., चि. सौ. कां., ह. भ. प., रा. रा. – कागद आणि शाई जपून वापरणाऱ्या पिढ्यांनी ही काटकसर कधीच करून ठेवली होती. तरी एसएमएसच्या भरात मराठी पोरांनी ती वापरली नाही. त्यांनी इंग्रजी लिपीत मराठी लिहिलं, सत्तरच्या ऐवजी एकशे साठ मिळवले, आणि ‘kay’ मधला वाय कापून टाकला की नाही यावर एकमेकांची परीक्षा केली. व्यवहार म्हणून बघितलं तर त्यांचं काही चुकलं नाही.

हिवाळा, आद्याक्षरं आणि परवाचा इतिहास यांतून महाराष्ट्रापुरता एकच प्रश्न निवडायचा झाला तर मी अधिवेशनाचा निवडीन. ‘विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपूरला घ्यावं असं कोणत्या कराराने ठरलं?’ परीक्षांमध्ये हा असाच येतो आणि मुलं ‘नागपूर करार, 28 सप्टेंबर 1953’ असं लिहून गुण घेतात. प्रश्न मात्र सदोष आहे. करारात वर्षातून निदान एक अधिवेशन नागपूरला भरवावं असं आहे. हिवाळा हा शब्द त्यात नाही. हिवाळा पडला तो हवेमुळे. डिसेंबरातलं नागपूर उबदार कपड्यांत मिरवावं असं असतं, मे महिन्यातलं कसं असतं ते विदर्भाबाहेरच्या आमदारांना विचारा. 1960 पासून रिवाज पडला आणि रिवाजाला लोक नियम समजू लागले.

त्या समजुतीची कसोटी 2018 मध्ये लागली. त्या वर्षी सरकारने पावसाळी अधिवेशन नागपूरला नेलं आणि हिवाळी मुंबईला ठेवलं. करार मोडला का? अजिबात नाही, एक अधिवेशन नागपूरला झालंच. 6 जुलैला मात्र नागपुरात असा पाऊस झाला की विधानभवनातल्या वीजपुरवठ्याच्या खोलीत पाणी शिरलं, सभागृहं अंधारली आणि त्या दिवसाचं कामकाज गुंडाळावं लागलं. 2020 आणि 2021 ची हिवाळी अधिवेशनं करोनामुळे मुंबईतच झाली, 2022 पासून पुन्हा नागपूर. तेव्हा प्रश्न घालायचाच असेल तर असा घालावा: ‘नागपूर करारानुसार नागपूरचं अधिवेशन कोणत्या ऋतूत व्हायला हवं?’ आणि चौथा पर्याय ‘यांपैकी नाही’ असा द्यायला विसरू नये.